शाडूचे डावे बूट

कामाच्या पहिल्या दिवशी मला चार गोष्टी मिळाल्या: एक खुर्ची, एक खडू, अर्धा शेर कडवे वाल आणि एक ताकीद. ताकीद अशी की या ऑफिसात ‘एकूण’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

हे मी आठवणीतून सांगत नाही. मला याद्या करायची सवय आहे, आणि त्या संध्याकाळी रोह्याला परतताना गाडीतच मी वहीत हे चारही मुद्दे लिहून ठेवले होते. पाचवा मुद्दा रात्री घरी आईने विचारल्यावर घातला: ‘साहेब बरे वाटतात की नाही, ते कळत नाही.’ त्याच्यापुढे मी आजतागायत बरोबरची खूण केलेली नाही.

ऑफिस म्हणजे पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यावरची माडी. पनवेलच्या एका कंत्राटदाराने लष्कराच्या एका डेपोचं काम घेतलं होतं. डेपोतून मालाची रजिस्टरं पोत्यांत भरून यायची. ब्लँकेटं, तंबू, मोजे, बूट. कुठल्या महिन्यात किती आले, किती गेले, किती उरले. आम्ही आठजण ते सगळं संगणकात भरायचो आणि फ्लॉप्या परत पाठवायचो. संगणक तेव्हा नवे होते. त्यांच्यावर प्लास्टिकची आवरणं घालून आम्ही घरी जायचो, लहान मुलाला पांघरूण घालावं तशी.

वहीतले ते साहेब म्हणजे या कामावर देखरेख करणारे. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक, उंची बेताची, पाय त्याहून बेताचे. लष्करात कारकून होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. कासू स्टेशनवरून खाडीकडे चालत गेलं की त्यांचं गाव लागायचं. वडील मिठागरात राबलेले. लोक त्यांना सुभेदार म्हणत, आणि ते प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करत.

“सुभेदार नाय, हवालदार. दोन पायऱ्या वर चढवलंस मना. उतरव आधी.”

मी त्यांना हवालदारकाका म्हणायची. ते मला रोहेकरीण म्हणायचे.

वालांचं काम मला पहिल्याच दुपारी कळलं. काकांनी ब्लँकेटांच्या रजिस्टरातली तीन पानं मला वाचायला दिली. मग ती हातातून काढून घेतली.

“काय वाचलंस?”

“आकडे.”

“कंचा मोठा?”

मला सांगता येईना. सगळेच मोठे होते.

“गो पोरी, तू दहावीला गणितात किती मार्क घेतलंस?”

मी सांगितले.

“इतकी हुशार तू, आन् तीन पानांतला एक आकडा तुझ्या ध्यानात नाय. मग डेपोतल्या कर्नलसाहेबाचं काय व्हईल? त्याच्याकडं तीनशे पानं जातात, आन् त्याला त्या दिवशी परेड पन असते.”

एवढं बोलून ते जमिनीवर उकिडवे बसले. खडूने बारा चौकोन आखले, महिन्याला एक; रजिस्टरातले इंग्रजी महिने ते मराठी नावांनीच सांगायचे. दर शंभर ब्लँकेटांमागे एक वाल. मी आकडे वाचत गेले, ते वाल मांडत गेले. दहा मिनिटांत माझ्यापुढे आषाढाच्या चौकोनात वालांचा ढीग होता आणि पौषाच्या चौकोनात तीन वाल. म्हणजे पावसाळ्यात ब्लँकेटं डेपोत थप्पीवर थप्पी पडलेली आणि थंडीत कपाट मोकळं. शाळेत न गेलेल्या माणसालाही ते कळलं असतं. तीन पानं वाचूनही मला कळलं नव्हतं.

“कडवेच का?” मी विचारलं.

“गोडे आनले होते पयले. दुपारच्याला अर्ध्या आकड्यांचं बिरडं झालं.”

त्यांची बोलणी अशी, आणि ती आमच्या ऑफिसात नियम म्हणून चालायची. ‘एकूण’वर त्यांचा सगळ्यात जास्त राग. “एकूण म्हणजे घोंगडी. खाली किती पाय उघडे, ते दिसत नाय.” सरासरीबद्दल त्याहून वाईट बोलायचे. “बुटाची सरासरी काढली तर आली आठ नंबर. सहावाल्याच्या पायातनं निसटतो, दहावाल्याच्या पायात शिरत नाय. सरासरी बरोबर, दोघं अनवानी.”

आणि एखादी महत्त्वाची गोष्ट कोणी कोपऱ्यात दडवली, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: “टाकली काय पान सतरावर?”

या पान सतराची हकिकत आमच्यापैकी प्रत्येकाला नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात ऐकायला मिळायची. ती ते हसत सांगायचे, आणि आम्ही पहिल्यांदा हसत ऐकायचो.

तरुणपणी काकांची नेमणूक वर बर्फात, एका चौकीवर होती. थंडीच्या आधी मालाचं पत्रक पाठवायचं काम त्यांचं. बूट आले होते ते बहुतेक नऊ, दहा आणि अकरा नंबरचे. चौकीवरची निम्मी पोरं कोकणातली नि डोंगराळ भागातली, लहान पायांची. काकांनी ते नीट लिहिलं. सहा नंबर शून्य, सात नंबर शून्य. पत्रक मोठं होतं, तंबूच्या खिळ्यांपासून सगळं त्यात होतं. बुटांचा आकडा सतराव्या पानावर एकतिसाव्या ओळीत आला. वर सही झाली, शिक्का बसला, पत्रक पुढे गेलं. पत्रकाच्या शेवटी एकूण बूट बरोबर भरत होते, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.

काकांचा नंबर सहा. त्यांना मिळाला नऊ. पुढे चिंध्या कोंबून त्यांनी तो महिनाभर घातला. मोठ्या बुटात बर्फ शिरतं, आत वितळतं, रात्री परत गोठतं. डाव्या पायाची तीन बोटं गेली.

“दोन पायांची मिलून सात,” ते म्हणायचे. “मना दहापर्यंत मोजायचं असंल तर मी बायकोला बोलावतो.”

मग हसणं संपलं की एक वाक्य हळू यायचं. “मी लिवलं होतं गो. खोटं नव्हतं लिवलं. पन लिवून काय उपेग, दिसलं नाय तर?”

ती बोटं त्यांनी आम्हाला कधी दाखवली नाहीत. डावा बूट ते कधी काढत नसत. त्यात पुढे कापडाचा बोळा असे, तो नीट बसवून नाड्या आवळायला अर्धा तास लागतो असं त्यांचं म्हणणं. देवळातसुद्धा ते बाहेरूनच नमस्कार करत. खालच्या कारखान्यात चपला घालून कोणाला प्रवेश नव्हता, त्यामुळे तिथेही ते उंबऱ्याबाहेर. कारखाना चालवायच्या त्या वहिनी त्यांना रोज टोचायच्या.

“भावोजी, माझ्या बाप्पाला तुमचं तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत. त्याला वाटतं हे भूत आहे.”

“वैनी, भुताचे पाय उलटे असतात. माझे सरलेच हायत, जरा आखूड.”

वाल मांडण्याचा त्यांचा हात ऑफिसपुरता राहिला नाही. गाड्यांच्या उशिराचे त्यांनी तीन महिने वाल मांडले आणि पुठ्ठ्यावर चिकटवून तो पुठ्ठा एका स्टेशनमास्तरांच्या टेबलावर ठेवला. कुठल्या स्टेशनच्या, ते जाऊ दे. मास्तर म्हणाले, “हे काय?” काका म्हणाले, “तुमचा सोमवार.” सोमवारच्या रांगेतले वाल पुठ्ठ्यात मावले नाहीत म्हणून त्यांनी पुढे टेबलावर मांडले होते. मास्तरांनी पुठ्ठा ठेवून घेतला. सोमवारची गाडी सुधारली नाही, पण काकांना पाहिल्यावर मास्तर घड्याळ लपवायला लागले.

कंत्राटदारांना, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो, हा प्रकार अजिबात पसंत नव्हता.

“हवालदार, आपल्याला टाइप करायला सांगितलंय. विचार करायला नाही.”

“शेठ, टाइप झाल्यावर वाचनार कोन?”

“तो त्यांचा प्रश्न.”

“तसंच बोलले होते. माझ्या वेलंला.”

पुढे बुटांची पोती आली. दहा वर्षांची रजिस्टरं, प्रत्येक नंबरचे, प्रत्येक महिन्याचे बूट. काकांनी पोत्याला हात लावायच्या आधी हात धुतले, हे मी पाहिलं. चार महिने आम्ही ते भरत होतो. पहिल्या महिन्यातच त्यांना वास लागला. थंडीच्या तोंडाशी दरवर्षी सहा आणि सात नंबर संपतात, दहा आणि अकरा पडून राहतात, आणि पुढच्या वर्षीची मागणी मागच्या वर्षीच्या पत्रकावरून जशीच्या तशी उतरवली जाते. दहा वर्षं. एकूण मात्र दरवर्षी बरोबर.

“अजून पान सतराच चाललंय,” ते म्हणाले. त्या दिवशी ते हसले नाहीत, डबाही खाल्ला नाही.

काम ताब्यात घ्यायला डेपोचे एक कर्नलसाहेब स्वतः पेणला येणार होते. अर्धा तास थांबणार होते. काकांनी ठरवलं की या अर्ध्या तासात साहेबांना हे दिसलं पाहिजे. शेठ म्हणाले, साहेबांपुढे काही आगाऊपणा झाला तर पुढचं काम जाईल आणि त्याबरोबर तुम्ही सगळे. म्हणजे त्या अर्ध्या तासावर माझी नोकरीही लटकलेली होती. हे मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

संगणकावर चित्र काढायचा आम्ही प्रयत्न केला. आमचा प्रिंटर फक्त फुल्यांच्या रांगा छापायचा. घड्या उलगडत कागद जिन्यापर्यंत गेला. “आता या फुल्या मोजायला एक मानूस ठेवा,” काका म्हणाले. मग वाल. आठवडाभर खपून माडीवर अख्खी जमीन भरून दहा वर्षांचे बूट मांडले. सोमवारी येऊन पाहतो तर उंदीर. कडवे होते, तरी खाल्ले. सगळ्यात जास्त फडशा अकरा नंबरचा पडला होता.

“डेपोत हे उंदीर पाठवायला पायजे होते,” काका म्हणाले आणि जिन्यावर जाऊन बसले. खाली वहिनींच्या कारखान्यात फळ्यांवर गणपती उभे होते. एका फळीवर सगळे नऊ इंची, खालच्या फळीवर फूटभर, त्याच्या खाली दीड फुटी. कुठल्या मापाचे किती उरले ते दारातून एका नजरेत कळायचं. काका बघत राहिले. मग उंबऱ्याबाहेरून त्यांनी हाक मारली.

“वैनी, शाडूचा बूट कराल?”

वहिनी मातीचे हात तसेच घेऊन दारात आल्या.

“देवाच्या मातीचा बूट? डोकं फिरलं काय भावोजी?”

“त्याच मातीचा उंदीर करता ना?”

“उंदीर देवाचं वाहन आहे.”

“बूट जवानाचं वाहन हाय.”

वहिनी तयार झाल्या, पण तीन अटींवर. माती वेगळ्या घमेल्यात भिजवायची. साचा वेगळा, काम झालं की फोडायचा. आणि बुटांच्या फळ्या मूर्तींच्या समोर नाहीत, बाजूच्या भिंतीला. या अटी माझ्या वहीत आहेत, वहिनींच्या सहीसकट.

अंगठ्याएवढा बूट वहिनींनी स्वतः घडवला, नाड्यांसकट. त्यावरून एकच साचा निघाला, त्यामुळे पुढचे सगळे बूट डाव्या पायाचे झाले. काकांना हे कळलं तेव्हा तीनशेवर बूट वाळत होते. ते म्हणाले, “र्‍हाऊ द्या. माझाबी प्रश्न डाव्याचाच हाय.”

शेठनी शेवटचा अडसर घातला. लष्कराचा माल आहे, असा उघड्यावर मांडायचा नाही. काकांनी एक बूट त्यांच्या हातावर ठेवला. “यावर कुठं गाव लिवलंय? युनिट लिवलंय? नंबर आन् महिना, बाकी माती.” शेठनी हरकत मागे घेतली. पटलं म्हणून नव्हे. हातात बूट होता म्हणून असावं.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही मांडणी केली. सहा फळ्या, सहापासून अकरा नंबरपर्यंत, एका नंबरला एक फळी. प्रत्येक फळीवर खडूच्या रेघा मारून बारा महिने, आणि वालासारखाच शंभर जोडांमागे एक बूट. दहा वर्षांचा सरासरी साठा काढायला काकांनी मनाई केली होती, म्हणून सगळ्यात अलीकडचं एकच वर्ष. वहीतले आकडे मी वाचायचे आणि बूट ठेवायचे. काका उंबऱ्याबाहेर उभे राहून लांब बांबूने दाखवायचे. “अजून एक. डावीकडं सरकव. बस.” सूर्य कलला तेव्हा ते तयार होतं. दहा आणि अकराच्या फळ्या गच्च, बूट एकमेकांच्या डोक्यावर चढलेले. सहा आणि सातच्या फळ्या दिवाळीपर्यंत जेमतेम भरलेल्या, आणि त्यापुढे होळीपर्यंत नुसतं लाकूड. चार वीत मोकळं लाकूड. दारात उभं राहिलं की आधी तेच दिसायचं.

काका बांबू भिंतीला टेकवून म्हणाले, “आता पान सतरा दारात आलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला मी रोह्याहून, ते कासूहून चढले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बूट असे चमकवले होते की त्यात खिडकी दिसत होती. पेणला उतरून आम्ही कारखान्याशी आलो. वहिनी दारात रांगोळी संपवून उठत होत्या. चेहरा खुललेला.

“या भावोजी. बघा, तुमच्या साहेबासाठी कशी लावून ठेवलीय फळी!”

सहाही फळ्या भरलेल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीने, सारख्या अंतरावर, एकाही ठिकाणी बोट ठेवायला जागा नाही. उरलेल्या टोपलीतले सगळे बूट वहिनींनी मोकळ्या जागी लावले होते. ओल्या फडक्याने फळ्या पुसल्या होत्या, त्यात खडूच्या रेघाही गेल्या.

यात वहिनींचं काहीच चुकलं नव्हतं. पेणचा कोणताही कारखानदार हेच करेल. गिऱ्हाईक यायच्या आधी फळी भरायची, मधली मूर्ती विकली गेली तर मागची पुढे ओढायची. रिकामी फळी म्हणजे कारखाना आजारी, हे त्या सासरी आल्यापासून ऐकत होत्या. गिऱ्हाईक नाही तर लष्करातला साहेब येणार. मग तर बोलायलाच नको. आम्ही बूट अर्धवट लावून घरी गेलो असंच त्यांना वाटलं होतं. मोकळ्या जागेतच सगळा मजकूर आहे हे त्यांना सांगायचं माझ्या यादीत नव्हतं. यादीत बावीस मुद्दे होते. हा नव्हता.

काका खालच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

“काय झालं?” वहिनी घाबरल्या. “कमी पडले का?”

तेवढ्यात साहेबांना घेऊन शेठची गाडी आली.

कर्नलसाहेब उंच होते, पन्नाशीचे, बोलण्यावरून साताऱ्याकडचे वाटले. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी आत पाहिलं. सहा फळ्या, भरगच्च बूट.

“छान आहेत,” ते म्हणाले. “सगळा साठा पुरा दिसतोय. मग अडचण काय?”

“काही नाही सर, पोरांचा हौसेचा प्रकार,” शेठ म्हणाले. “आपण वर जाऊ. चहा आहे.”

साहेब वळलेही होते. मी काकांकडे पाहिलं. काका अजून पायरीवरच बसले होते. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, वही. मी ती उघडली आणि मोठ्याने वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं.

“सहा नंबर. मार्गशीर्ष. शून्य.”

साहेब थांबले. “काय?”

“सहा नंबर, मार्गशीर्ष, शून्य. फळीवर दिसतात ते बूट डेपोत नव्हते, साहेब. ते आम्ही… ते चुकून लागलेत. काढायचे आहेत.”

आणि तेव्हा काका उठले. उंबऱ्यापाशी खाली बसून त्यांनी नाड्या सोडल्या. अर्धा तास वगैरे काही लागला नाही. डावा बूट ओढला तसा कापडाचा बोळा बाहेर पडून रांगोळीपर्यंत घरंगळत गेला. उजवाही काढून ते उठले, अनवाणी आत गेले आणि सहा नंबरच्या फळीसमोर उभे राहिले. पाय थोडे फाकवून, लष्करी शिस्तीत. डाव्या पायाला पुढे दोनच बोटं होती, बाकी गुळगुळीत.

“वाच गो रोहेकरीण.”

“सहा नंबर. मार्गशीर्ष. शून्य.”

काकांनी त्या जागेवरचे बूट एकेक उचलून टोपलीत टाकले.

“पौष. शून्य.”

बूट टोपलीत. आवाज ऐकू येत होता, मातीवर मातीचा.

“माघ. शून्य.”

कर्नलसाहेब ते बघत होते. फळी आधी आणि मग, मला वाटतं, पाय. ते वाकले, स्वतःचे बूट काढले आणि काकांच्या बुटांशेजारी नीट लावून ठेवले. दहा नंबर असावेत. काकांचे त्यांच्या बाजूला पोराचे वाटत होते. मग आत येऊन ते सात नंबरच्या फळीपाशी उभे राहिले.

“ही कुठून काढायची?”

मी वाचत गेले, ते काढत गेले. दिवाळीच्या महिन्याला मी “एक” म्हटलं तर त्यांनी एक ठेवला, मग परत माझ्याकडे वळून विचारलं, “एकच?” मी म्हटलं, “एकच.” त्यांनी तो बूट मधोमध सरळ केला. वहिनींना आता कळलं होतं; त्या तोंडाला पदर लावून दहा नंबरच्या फळीवर बूट चढवायला लागल्या, कारण तिथले आदल्या दिवशी जास्त होते आणि त्यांनी नीटनेटकं दिसावं म्हणून उतरवले होते. शेठ चहाचा कप हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे. त्यांना बूट काढावेत की नाही ते ठरवता येत नव्हतं.

शेवटी साहेब दोन पावलं मागे सरले.

“दरवर्षी?”

“दहा वर्सं,” काका म्हणाले. “त्याच्या आधीचं मना ठाव हाय, पन त्याचं रजिस्टर माझ्या पायातच हाय.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी फळीवरचा तो एकटा बूट उचलला, उलटासुलटा पाहिला.

“सगळे डावेच का?”

“साचा एकच होता साहेब,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. “हा माझ्या टेबलावर राहील.” अर्ध्या तासाचे सव्वा दोन तास झाले होते. चहा कोणी प्यायला नाही. जाताना साहेबांनी रांगोळीतला कापडाचा बोळा उचलून काकांच्या हातात दिला.

पुढे काय झालं, ते मला नीट सांगता येत नाही आणि ते मला अजून खुपतं. डेपोतून पत्र आलं नाही. अशी पत्रं येत नसतात. कंत्राट संपल्यावर शेठनी माडी सोडली. मला रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये काम मिळालं, अजून तिथेच आहे. माझ्या स्टोअरमध्ये प्रत्येक मापाच्या हातमोज्याला वेगळा कप्पा आहे आणि ‘एकूण’ची ओळ मी शेवटी, बारीक अक्षरात लिहिते.

काका मात्र थांबले नाहीत. सुट्टीवर येणारा जवान कासूच्या फलाटावर उतरला, की ते त्याला गाठायचे. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न: “बुटाचा नंबर कंचा? बरोबर मिलाला?” पोरं बिचकायची. एकाने त्यांना हेर समजून पोलिसांत न्यायची धमकी दिली, तेव्हा ते खूश झाले. “हुशार पोर. नंबर सांगितला नाय, पन पाय बघितला मी. सात. बूटबी सातच होता.”

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. एका रविवारी मी कासूला उतरून त्यांच्या घरी गेले. काकी ओटीवर बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. वही पाहून ओळखलं.

“रोहेकरीण ना तू? वही घेऊन फिरनारी? ये गो, आत ये.”

आत भिंतीला एक फळी होती. वहिनींच्या कारखान्यातली जुनी फळी, काकांनी मागून आणलेली. तिच्यावर टोपलीतले तेच शाडूचे डावे बूट, एका ओळीत. मी मोजले, तेवीस. मध्ये एका ठिकाणी बुटाऐवजी काकींची मिश्रीची डबी होती.

“ज्या पोराला बरोबर नंबर मिलाला, त्याचा एक बूट लावायचे,” काकी म्हणाल्या. “फलाटावरनं यायचे नि पयले इकडं. हात धुवायचे नाय, पानी प्यायचे नाय. आधी बूट.”

“आणि ही मधली जागा?”

“तो एक पोरगा ‘नाय मिलाला’ बोलला. नऊ नंबर दिला होता त्याला, पाय सात. त्या रोजी हे जेवले नाय. म्हनाले, याची जागा सोडायची. आता ते गेले, मी म्हटलं, कवर ठेवू अशी मोकली? डबी ठेवली.”

चोवीसात एक. मी ते दोनदा मोजलं. मग हात वर करून डबी उचलली आणि काकींच्या शेजारी कोनाड्यात ठेवली. फळीवर एका बुटाएवढं लाकूड उघडं पडलं.

“ठेव गो ती परत,” काकी म्हणाल्या. “रिकामं दिसतं ना.”

“दिसू दे, काकी.”